नाही म्हणायची जागा

मोताळा,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. दीपमाला हिस,
आबाचा जयभीम व अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या ‘समाज, नीती आणि लोकसंवाद’ या पेपरची फी कॉलेजच्या पावतीवर आहे. खरा खर्च मी आज मांडला. डोणगावला जाऊन यायचं गाडीभाडं, दोन साक्षीदारांचं जेवण (भागवतने भात दोनदा घेतला), बाजाराच्या दिवशी बंद राहिलेलं दुकान, आणि तुझ्या केसरआत्याची न झालेली सही. शेवटची बाब कुठल्या पावतीत बसत नाही.

हे फोनवर बोललो असतो तर दोन मिनिटांत मोकळा झालो असतो. पण तुमच्या सरांचा हुकूम, की महिनाभर घरातल्या मोठ्यांशी हाताने लिहूनच बोलायचं आणि ती पत्रं फायलीला लावायची. म्हणजे सरही हे वाचणार. वाचू दे. सर, नमस्कार. मुलगी हुशार आहे, जरा जास्तच.

तर झालं असं. रोडलगतच्या आपल्या अडीच एकरात मला दुकानाची शेड वाढवायची आहे, हे तुला माहीत आहे. बाबांच्या माघारी सातबारावर माझं आणि केसरचं अशी दोन नावं लागली. बहिणीने हक्कसोड लिहून द्यायचं, भावाने लुगडं घ्यायचं, सगळ्यांनी जेवून उठायचं, अशी आपल्याकडची रीत. कुणाच्या बहिणीने तो कागद वाचायला मागितला असं माझ्या कानावर आलेलं नाही, आणि माझे कान कसे आहेत ते तू जाणतेस. रस्त्याने जाता जाता मी विहिरीवरच्या मोटारीचं कोणतं बेरिंग गेलं ते सांगतो. तेव्हा केसरला गाडीत बसवून रजिस्ट्रीला आणायचं, एवढंच काम उरलं होतं.

तिने पोहे दिले, चहा दिला, आणि कागद वाच म्हणाली. मी वाचला. स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, असं सगळं त्यात नीट होतं. ती उठून पेटीतून एक कागद घेऊन आली. दिवाळीत तू तिची मुलाखत घेतलीस तेव्हाचं तुझं संमतीपत्र. त्यातल्या तिसऱ्या कलमावर बोट ठेवून तिने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, की मी कोणतंही कारण न देता केव्हाही नाही म्हणू शकते आणि त्यामुळे आपल्या संबंधांत फरक पडणार नाही. मग माझ्या कागदावरून तेच बोट वरून खाली फिरवलं आणि म्हणाली, “दादा, तुया कागद बी चांगलाच हाये. पन याच्यात मले नाही म्हनाची जागा कुठी हाये?”

असल्या कागदात तसं कलम नसतं म्हटलं. तर तिला वाटलं लिहिणारा विसरला. कॉलेजच्या साध्या कागदावर असतं, तर शिक्क्याच्या कागदावर असायलाच पाहिजे. जा, टाकून आण, मी तयारच बसली, असं म्हणाली. ती टोमणा मारत असती तर मी रागावलो असतो. पण तिला ते मनापासून वाटत होतं. भागवतने तुझा कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला. त्याने गेल्याच वर्षी आपल्या बहिणीची सही घेतली.

मी शून्यातून वर आलो. जळालेल्या मोटारींत या दोन हातांनी तांब्याची तार भरली, तेव्हा हे दुकान उभं राहिलं. सरांनी या वाक्याखाली रेघ मारावी. त्या दुकानाच्या जोरावर तुला शिकायला पाठवलं आणि शिकून तू पहिला कागद केलास तो मलाच आडवा. आत्याला फोन कर. तुझं ती ऐकते.

राग उतरला की लोभ पहिल्यासारखा होईल. तोवर आहे तेवढा सांभाळून ठेव.

तुझा,
आबा

बुलढाणा,
दि. १७ जानेवारी २०२५

ती. आबांस,
दीपमालाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. खोलीतली मैत्रीण सारिका भागवतकाकांच्या भाताशी आली आणि इतकी हसली की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. मेसचं जेवण बरं आहे, वरणात डाळ सापडते. आईला सांगा, लोणचं संपलं.

सरांना नमस्कार पोचला नाही. तुमची परवानगी नसेल तर तुमचं पत्र मी त्यांना दाखवू शकत नाही. तेच संमतीपत्र तुमच्यासाठी सोबत पाठवते आहे. तिसरं कलम तुम्हालाही लागू आहे.

आत्याला फोन करून समजाव म्हणता. ते मला करता येणार नाही. तिची मुलाखत मी घेतली आहे. आता मीच तिला सही कर म्हटलं तर त्याला आमच्या पुस्तकात दबाव म्हणतात. मार्कांचं सोडा. आबा, डोणगावचं घर तिच्या मुलाच्या नावावर आहे. तिकडचं शेत दिराच्या नावावर. गॅसचं कार्डसुद्धा सुनेचं. आत्याचं नाव सगळ्या जगात एका सातबारावर आहे, आणि तुमचा कागद तेवढंच खोडतो. दुकान तिच्या नावाने अडत नाही, शेड अडत असेल तर तसं तिला विचारा.

मुलाखतीत ती काय बोलली असं तुम्ही आईकरवी विचारलंत. ते मी सांगू शकत नाही, तसा शब्द दिला आहे. दुकानाबद्दल बोलली, इतकंच सांगते. पुढचं तिलाच विचारा.

थंडी आहे, कान बांधून निजत जा. घरातली सगळ्यात महागाची वस्तू ती. माया कमी करू नये ही विनंती.

आपली,
दीपमाला

डोणगाव,
दि. २३ जानेवारी २०२५

ती. इंद्रभानदादास,
लहान बहीण केसरचा जयभीम. मले लिहाची सवय राह्यली नाही, अक्षर पाहून हासू नको.

तू गेला तवापासून वाट पाहून राह्यली. ते कलम टाकलं का? आमच्या गल्लीत ही गोष्ट फिरली. अन्नपूर्णाबाई आन आनखी तिघी येऊन पोरीचा कागद ऐकून गेल्या. अन्नपूर्णाबाईनं तं उतरूनच नेला. तिच्या भावाचा निरोप आला होता म्हने, संक्रांतीले सहीसाठी घ्याले येतो. संक्रांत होऊन आठ दिवस झाले, तो फिरकला नाही.

दादा, मले तुया जमिनीचा दाना नको. शेड वाढव, दोन मजली बांध, मी आडवी येत नाही. नाव मातर राहू दे. मी मेल्यावर काय कराचं ते करा.

दीपमाला मले विचारत होती का आत्या, तू आयुष्यात काय काय काम केलं. मी म्हटलं निंदलं, वेचलं, भाकरी थापल्या. ती म्हने आनखी? मंग तिचं लक्ष माया उजव्या हाताच्या बोटावरल्या खुनेकडं गेलं आन तिनं विचारलं हे कायनं कापलं. मंग सांगा लागलं. तुयं वाईट सांगतलं नाही, झालं ते सांगतलं. तू तिले कधी सांगतलं नव्हतं काय? मले वाटे सांगतलं असन.

वयिनीले जयभीम. भागवतभाऊले म्हना, भात मोप होता, लाजाचं काम नव्हतं. मन मोठं ठेव, येनंजानं बंद करू नको.

तुयी,
केसर

मोताळा,
दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. दीपमाला हिस,
आबाचा जयभीम व आशीर्वाद. लोणचं सोबतच्या डब्यात, आईने झाकण आवळून दिलं आहे, सारिकाकडून उघडून घे.

मी वकिलाकडे गेलो आणि ते कलम हक्कसोडीत बसतं का विचारलं. तो आधी हसला. मग म्हणाला, साहेब, हे कलम टाकलं तर हक्कसोड राहतच नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मोटारीचा आवाज ऐकून तिच्यातली खोट सांगणारा माणूस, आणि हा कागद मी चार वेळा वाचला होता.

केसरचं पत्र आलं. दोनदा वाचलं. मग डोणगावला गेलो, या वेळी एसटीने आणि साक्षीदार न घेता. हक्कसोडीचा कागद तिच्यासमोर फाडला. तिला वाईट वाटलं, शिक्क्याचे पैसे गेले म्हणून. शेडला तिची हरकत नाही असा साधा कागद मी घरूनच लिहून नेला होता. तिने चष्मा लावून तो सगळा वाचला, एक ओळ वाढवायला लावली आणि मग सही केली. कोणती ओळ ते सांगायची गरज नाही. शेड एप्रिलमध्ये सुरू करतो, दोन्ही नावांच्या जमिनीवर.

भागवत आपल्या बहिणीकडे जाऊन आला. काय बोलणं झालं ते तो सांगत नाही. त्यानेही तुमचा पेपर घेतला की काय कोण जाणे.

तुझ्या संमतीपत्रावर सही केली आहे, सरांनी सगळी पत्रं वाचावीत. पहिल्या पत्रातलं, सरांना रेघ मारायला सांगितलेलं वाक्य गाळायला मी आईकरवी सांगितलं होतं. तू कळवलंस की मूळ पत्रात खाडाखोड चालत नाही, पाहिजे तर खुलासा जोडा. खाली जोडला आहे.

आम्ही दोघं खुशाल. तुझ्या मनात आमची जागा आहे तशीच राहू दे.

तुझा,
आबा

ता. क. खुलासा. १९९१ ते १९९४ या काळात दुकानात आलेली प्रत्येक मोटार केसरने भरली. जळालेल्या मोटारीतल्या तारेचे वेढे उलगडताना मोजून ती पाटीवर लिहायची आणि आतल्या खोलीत बसून तितकेच पुन्हा घालायची. तिच्या बोटावरची खूण त्याच तारेची. पोरीच्या हातची मोटार म्हटल्यावर गिऱ्हाईक बिथरलं असतं, म्हणून बाहेर मी बसायचो. तिच्या लग्नाच्या आदल्या महिन्यात तिने मला शिकवलं. तोपर्यंत मला मोटार भरता येत नव्हती.