सात हजार तीनशे

सांता क्लारा
१८ एप्रिल २००६, मंगळवार

चि. हिमानी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. पत्रासोबत विनीतामामीने मेतकूट पाठवलंय, ते आधी डब्यात काढून ठेव. काल नागपूरहून ताईचा फोन होता. तिकडे आत्ताच उन्हाने जीव नकोसा केलाय म्हणे. तुझ्या आईला तुझी खबर हवी असते, मी म्हटलं, छान चाललंय.

कुरिअरने पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. घाबरलोय मीच. फोनवर हे माझ्याने बोलवणार नाही. रविवारी तू म्हणालीस, "मामा, शनिवारी शेवटची ट्रायल. याही वेळी मागे पडले तर शर्यतीत कॉलेज टीमची कार विक्रमच चालवेल. माझ्या पायातच दम नाही यार." तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाहीये.

तुझ्या पायात काही खोट नाही.

ऑक्टोबरमध्ये मी पिस्कॅटवेला तुझ्या कॉलेजात आलो होतो, तेव्हा ट्रॅकवर तुझी कार गरकन फिरली आणि कुंपणाला जाऊन टेकली. तू हसत उतरलीस. मी मात्र धावत कुंपणापाशी पोचलो होतो. पोरीला जपेन म्हणून ताईला शब्द दिलाय ना मी. आठवडाभराने तू इंजिनच्या ताकदीचा आलेख पाठवलास आणि विचारलंस, गिअर किती आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, बदलू? पुण्यात बारा वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये काढलेला माणूस मी. दहा मिनिटांत उत्तर काढलं, आणि तुला दुसरंच सांगितलं. सहा हजार.

वाटलं, जरा हळू जाईल, एवढंच. मग तूच म्हणालीस, "गिअर टाकला की कार रडते." तेव्हा तरी खरं बोलायचं! मी म्हणालो, तुझा क्लच कच्चा आहे. त्याची मला फार लाज वाटते.

खरं गणित असं. ताकदीचं शिखर सहा हजार आठशेला आहे. तिथेच किंवा आधी बदललास तर पुढच्या गिअरमध्ये इंजिन फार खाली पडतं आणि जोर जातो. शिखर ओलांडून सात हजार तीनशेपर्यंत ओढ, मग बदल. साडेसात हजारांच्या वर मात्र जाऊ नकोस, इंजिन जाईल.

विक्रमला हे पत्र खुशाल दाखव. ताईला आज मीच सांगणार आहे. ती मला फाडून खाईल, खाऊ दे.

रागावलीस तर बोलू नकोस. फक्त शनिवारी कारमधून धड उतरलीस की एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही.

तुझा भित्रा मामा,
गिरीश