पलीकडून काढलेलं चित्र

१८ ऑगस्ट १९९७, सोमवार
परिपत्रक क्र. ३१ परत आलं. कारखान्यातल्या बेचाळीस बायका, बेचाळीस सह्या. शेवटच्या ओळीत मी मुद्दाम टाकलं होतं, "हे वाचणाऱ्या प्रत्येकीने दुपारी माझ्या केबिनमधून एक लाडू न्यावा." एकही आली नाही. डबा तसाच जयनगरला घरी. थोरल्या भावाने, अण्णाने, उभ्या उभ्या दोन संपवले. "लिहीत जा इंदू. आम्हाला लाडू मिळतात."
परिपत्रक इंग्रजीत. बायकांपैकी कोणी कन्नड, कोणी तमिळ, कोणी तेलुगू, काही कुठलंच वाचत नाहीत. सही करून पुढच्या टेबलावर सरकवायचं. ही पद्धत मीच घातली, एकोणीस वर्षांपूर्वी.

२० ऑगस्ट
नीलेशला सांगितलं. माझा साहेब, पुण्याहून आलेला, वयाने माझ्या निम्मा. "मॅडम, सिंपल आहे. लोकांना वाचायचं नसतं, बघायचं असतं. सगळं व्हिज्युअल करा. एंगेजमेंट आपोआप वाढेल."
एंगेजमेंट म्हणजे काय, विचारलं.
"इन्व्हॉल्व्हमेंट."
पुढे विचारलं नाही. पण मुद्दा खोटा नाही. पुठ्ठे मागवले.

२३ ऑगस्ट, शनिवार
पहिलं चित्र झालं. आमच्याकडे बनतो तो स्कूटरच्या तारांचा जुडगा. सहा तारा, सहा भोकांचा कप्पा, कुठल्या भोकात कुठल्या रंगाची तार. टेबलासमोर उभी राहून, पट्टीने मोजून, एकाला एक काढलं. एकही शब्द नाही. अण्णा म्हणे, "शाळेत तुझा आंबा वांग्यासारखा दिसायचा." हे वांग्यासारखं दिसत नाही.

३ सप्टेंबर
बारा टेबलांवर बारा कार्डं. नी. ने फोटो काढून हेड ऑफिसला धाडले, माझ्या नावानिशी. बरं वाटलं. का न वाटावं?
सातव्या टेबलावर कालपासून गौरम्माला बसवलं आहे. आधी पॅकिंगला होती. के. आर. पुरमला कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यांत पहिली. टेम्पररी. १८ ऑक्टोबरला मुदत संपते. मग कायम, नाहीतर घरी. नवरा अंथरुणावर, दोन मुली. बोलत नाही फारशी.

१६ सप्टेंबर
माल परत आला. हॉर्न दाबला की उजवीकडचा दिवा लागतो म्हणे. आपली तपासणी दहातल्या एका जुडग्याची, त्यात सुटलं. सगळे सातव्या टेबलाचे.
नी. : "अकरा टेबलांना चित्र कळतं, हिलाच नाही? तिला कायम करायचा रिपोर्ट तुम्हीच लिहिणार ना? नो लिहा."
माझ्याही मनात तेच होतं. हे इथे लिहून ठेवते.

१७ सप्टेंबर
गौरम्माला केबिनमध्ये बोलावलं. चित्र पाहिलं नाहीस का?
"पाहिलं, मेडम. तसंच केलं."
तसंच म्हणजे?
"तसंच."
उद्धट वाटली. मेमो दिला. इंग्रजीत. वाचता येत नसताना सही केली तिने.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
ते "तसंच" दोन दिवस डोक्यातून जाईना. जेवणाच्या सुट्टीत सातव्या टेबलाशी गेले. आमच्याकडे जमिनीवर पिवळी रेघ आहे. सुपरवायझरने रेघेच्या अलीकडून, कामगाराच्या समोर उभं राहून पाहायचं. पलीकडे फक्त कामगार. आज रेघ ओलांडून गौरम्माच्या स्टुलावर बसले. कोणी नव्हतं म्हणून बसले.
स्टूल उंच. ट्यूबलाइट थेट डोळ्यावर. समोर माझं कार्ड. त्यात डावीकडून पहिली तार लाल. टेबलावरच्या कप्प्यात डावीकडून पहिली लाल घातली. मग हिरवी. सहाही, चित्राबरहुकूम.
उलटं.
मी समोरून पाहून काढलं होतं. माझी डावी ती तिची उजवी. पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा उलटं.
जेवून परत येणाऱ्या सरोजक्काला गाठलं. लाइनवर सर्वांत जुनी. "मग तुमचं बरोबर कसं येतं?"
"चित्र कोण बघतं, मेडम? हातांना पाठ आहे. तुम्ही एवढं मनापासून काढलंत, म्हणून रोज पुसून ठेवतो."
बेचाळीस जणींत एकीने माझं ऐकलं. तिलाच मेमो.

२२ सप्टेंबर
नी. ला सांगितलं. त्याने उठून दार लोटलं. मग, "मॅडम, रेकॉर्डवर कशाला? हेड ऑफिस खूश आहे. टेम्पररी बाई, दुसरी मिळेल."
मी म्हणाले, "मिळेल."
का म्हणाले? दिवसभर तोच शब्द तोंडात. आणि उलटी कार्डं अजून टेबलावर. निदान ती तरी काढायला लावली.

२४ सप्टेंबर
गौरम्माच्या टेबलाशी जाऊन कन्नडमध्ये सांगितलं, चूक माझी होती. सरोजक्का ऐकत होती, ऐकू दे.
"सरी, मेडम," म्हणाली. ठीक आहे, एवढंच. हातातली तार खाली ठेवली नाही. मेमोचं काय, ते तिने विचारलं नाही. मीही बोलले नाही.

३० सप्टेंबर
नवं कार्ड गौरम्माला काढायला सांगितलं. रंगखडू पुढे ठेवले. हात लावीना.
"मेडम, हात काढू?"
हात कशाला? तारा काढ.
"हात नसले तर कुठल्या बाजूला बसलंय ते कसं कळणार?"
हे मला सुचलं नव्हतं. बी.एस्सी. होऊनही.
तिने खालच्या कडेने दोन हात काढले. अंगठे आत, मनगटात हिरव्या बांगड्या. मग कप्पा, मग तारा. पट्टी नको म्हणाली. रेघा वाकड्या आहेत. चूक नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
उद्या आयुधपूजा, आपली खंडेनवमी. मशीनं धुतली, कार्डं लावली. सरोजक्काने पहिल्यांदा कार्डाकडे पाहिलं. "हे माझे हात!" दुसरी म्हणे, "तुमच्या बांगड्या एवढ्या कुठल्या, अक्का? माझे." बराच वेळ भांडण. मी ओरडले नाही.
सूचनापेटीची किल्ली कधीच हरवली आहे, तेव्हा रिकामा लाडवांचा डबा ठेवला. लिहू नका, काढा, म्हटलं. संध्याकाळी तीन कागद. एकात उंच स्टूल आणि लोंबकळणारे पाय. एकात ट्यूबलाइट आणि मिटलेला डोळा. तिसऱ्यात काचेची खोली, आत चष्मा लावलेली बाई. तोंड मोठं, कान नाहीत. काढायचे राहिले असतील.
राहिले नसतील.
पहिला सुताराकडे दिला, दुसरा वायरमनकडे. तिसरा टेबलाच्या काचेखाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
रिपोर्ट लिहिला. चार वेळा फाडला. शेवटी: चूक चित्रात होती. चित्र मी काढले. गौरम्मा सूचनेप्रमाणे वागली. मेमो मागे घेत आहे. तिला कायम करावे. दोन्ही कार्डं जोडली. हेड ऑफिसला थेट धाडलं, प्रत नी. ला.
"मॅडम, हे तुमच्या फाइलला लागेल."
लागू दे.
"आणि फोटो मी पाठवले होते, माझं काय?"
खरंच घाबरला होता. त्याचीही नोकरी नवीनच. फोटोचा उल्लेख केलेला नाही, सांगितलं. थँक्यू म्हणाला, मग ओशाळला.
घरी अण्णाला बोलले. "चूक कबूल केलीस? तू? तारीख लिहून ठेव."
लिहिली आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
उत्तर नाही. फॅक्सपाशी तीनदा जाऊन आले. नी. नेही फोन लावला, स्वतःहून. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." उद्या गौरम्माची मुदत संपते.
सोमवारी नवं मॉडेल सुरू होतंय, त्याचं कार्ड हवं. तिलाच दिलं. रेघ ओलांडून तिच्या शेजारी स्टूल ओढलं. आता स्टूल कापून आलं आहे, पाय टेकतात. तिने आधी हात काढले, नेहमीसारखे. तारांपाशी आल्यावर थांबली.
"मेडम, सोमवारी मी असेन का?"
केबिनमध्ये असते तर म्हणाले असते, नियमाप्रमाणे कळेल.
"मला माहीत नाही," म्हणाले.
तिने मान हलवली. पिवळा खडू घेतला. भोंगा वाजेपर्यंत पाच तारा झाल्या. कार्ड खणात ठेवताना म्हणाली, सहावी उद्या काढते.