सहाचे बारा

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा तेच. बटण दाबलं — स्टार्टर एकदा कण्हला आणि गप्प. सहा व्होल्टची बॅटरी, तिचा जीव तो केवढा, त्यात ही थंडी! हँडल मारायला गेलो तर चौथ्या फेऱ्याला खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे. एकाहत्तराव्या वर्षी हे धंदे करायचे नाहीत.

ती आत स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली. रोज सकाळी आठला केस विंचरून, स्वेटर घालून गाडीत जाऊन बसते. तिला आता आमचं लग्न आठवत नाही. लेकीचं नाव आठवत नाही. चहा घेतला की नाही ते आठवत नाही. वडिलांची ही गाडी मात्र ओळखते. इंजिन नुसतं चालू राहिलं, जागच्या जागी, तरी दिवसभर शांत असते. नाही झालं की रडते. आवाज न करता.

डॉक्टर मागे म्हणाले होते, "ज्याला धरून त्या उभ्या आहेत, ते सोडू नका."

म्हणून ठरवलं. सहाचे बारा करायचे. नव्या गाड्यांसारखे बारा व्होल्ट. स्टार्टर, डायनॅमो, दिवे, सगळं. आणि मीच करायचं, कारण परका माणूस गाडीला हात लावायला आला की ती अंगावर जाते.

७ जानेवारी

दोन पुस्तकं आणली. आयुष्यभर कचेरीत फायली हलवल्या. पान्हा डावीकडे फिरवायचा की उजवीकडे, इथून सुरुवात!

९ जानेवारी, गुरुवार

जुना शर्ट घालून गाडीखाली शिरलो. स्टार्टरचे बोल्ट दोन, वेळ दोन तास. बाहेर आलो तर ती समोर, कमरेवर हात.

"मिस्त्री, आधी बॅटरीची वायर सोडवलीत का?"

नव्हती सोडवली.

"आणि हिचं प्लस बॉडीला आहे, मायनस नाही. उलटी जोडाल आणि बसाल बोंबलत!"

मला वाटलं थट्टा करतेय. मी हसलो. ती नाही हसली. "हसता काय? वडील असते तर आत्ताच्या आत्ता घरी पाठवलं असतं तुम्हाला."

मग डोक्यात प्रकाश पडला. मिस्त्री म्हणजे मीच. तोंड काळं, हात काळे — नवरा कुठून दिसणार?

पण किती महिन्यांनी एवढं बोलली माझ्याशी! एरवी मी म्हणजे 'ते गृहस्थ', जे जात का नाहीत ते तिला कळत नाही.

१० जानेवारी

अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून आत गेलो. ती भिंतीला चिकटून उभी. "कोण तुम्ही? आमचे हे येतील आता!" मुकाट्याने बाहेर आलो, तेलकट शर्ट चढवला, दार वाजवलं.

"या मिस्त्री. चहा घ्या."

घेतला.

१३ जानेवारी, सोमवार

वाइंडिंगवाल्याकडे स्टार्टर नेला. तो म्हणाला, तसाच लावा काका, बारा व्होल्टवर जरा जोरात फिरेल, बाकी काही होत नाही. घरी येऊन तिला सांगितलं. उसळलीच!

"जोरात फिरेल आणि फ्लायव्हीलचे दात खाईल! आत चार कॉइल आहेत. आता दोन-दोनच्या जोड्या असतील. चारही एकामागे एक जोडायला सांगा. म्हणावं, दुकान उघडून बसलाय ना?"

परत गेलो. त्याने उघडून पाहिलं. तंतोतंत तसंच. म्हणाला, "मिस्त्री पोचलेला दिसतोय. कोण आहे?"

"बायको," मी म्हटलं.

असं मी चारचौघांत पहिल्यांदाच म्हटलं. छाती फुगली. घरी पोचेपर्यंत तेवढीच बसलीसुद्धा.

१५ जानेवारी

बारा व्होल्टचा डायनॅमो बसला. इग्निशनची कॉइल बसली. तिला हल्ली स्वेटरची बटणं लावता येत नाहीत. पण आज माझ्या हातातून वायर हिसकावली, सोलली, पिळली, टर्मिनलवर आवळली — एका दमात! मी बघतच राहिलो. मग चहाचा कप तिला कुठल्या हातात धरायचा ते कळेना.

१८ जानेवारी, शनिवार

लेक आली. आईला जवळ घ्यायला गेली, तर ही म्हणाली, "बाई, तुमची गाडी कुठली? आमच्याकडे आधीच काम पडून आहे."

लेक गाडीच्या मागे जाऊन रडली. मी डायनॅमोचा पट्टा तपासत राहिलो. नुकताच तपासला होता.

जाताना म्हणाली, "बाबा, तिकडे ठेवू या तिला. चांगली जागा आहे, नर्स आहेत. तुम्ही किती दिवस मिस्त्री-मिस्त्री खेळणार?"

चुकीचं काही बोलली नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

पेट्रोलचा काटा जुनाच ठेवलाय, सहाचा. त्याच्या आधी दाब कमी करणारा एक तुकडा जोडायचा, नाहीतर जळेल. ते चाललं होतं. ती पालथ्या खोक्यावर बसलेली. मध्येच बोलायला लागली.

"मी गॅरेजमध्येच वाढले, मिस्त्री. वडील गेल्यावर मीच चालवणार होते."

"मग?"

"लग्न झालेलं. ह्यांना एकदा विचारलं, जेवताना. म्हणाले, साहेबाची बायको ग्रीस माखून बसणार? लोक काय म्हणतील! झालं. गॅरेज विकलं. गाडी तेवढी ठेवली मी."

माझ्या हातातली पक्कड तशीच राहिली. विचारलं, "राग आला असेल तुम्हाला."

"छे हो! फार चांगले आहेत हे. यातलं ओ की ठो कळत नाही, एवढंच." मग स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "पण हात रिकामे पडले हो माझे."

चव्वेचाळीस वर्षं झाली. आणि मला आठवतच नाही! ते जेवण, ते वाक्य — काही नाही. संध्याकाळभर डोकं खाजवलं. मी ते म्हणालो असेन, यात शंका नाही. आवाज माझाच आहे. पण कुठे तरी टाकून दिलं आणि वर हात धुऊन जेवण पुरं केलं असणार.

ती माझं नाव विसरली. हे नाही विसरली.

२२ जानेवारी

काही लिहवत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

पुढचे दिवे बदलताना हिय्या केला. मान वर न करता म्हटलं, "तुमच्या मिस्टरांना आता वाईट वाटत असेल. गॅरेजचं."

"त्यांना? त्यांच्या लक्षातही नसेल."

"आता आलं असेल लक्षात. माणसाला उशिरा कळतं."

तिने स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. "मग त्यांनी यायचं होतं ना इथे," ती म्हणाली. "तुमच्यासारखं. एकदा तरी."

मी गाडीखाली शिरलो. खाली काही काम नव्हतं.

२८ जानेवारी, मंगळवार

सुरू झाली!!

स्टार्टर आला, चढवला, केबली आवळल्या. प्रत्येक जोड तिने बोट लावून पाहिला. मग आत बसली, बटण दाबलं — कण्हणं नाही, कुंथणं नाही, गर्र करून फिरला आणि इंजिनाने पहिल्याच झटक्याला पेट घेतला. दिवे लावले तर भर उन्हात समोरची भिंत पांढरी पडली. ती बॉनेटवर तळहात ठेवून उभी राहिली. "ऐका, मिस्त्री, ऐका!" मी ऐकलं. तिचा चेहरा बघत ऐकलं. लग्नात असा दिसला होता का? तेव्हा मी बघितला नसेल.

अर्ध्या तासाने इंजिन बंद केलं तिने. म्हणाली, "हात बरा आहे तुमचा. शिकाल. काम झालं आता. उद्यापासून येऊ नका."

फाटकापर्यंत सोडायला आली. मी बाहेर पडल्यावर आतून कडी घातली.

पाऊण तास फुटपाथवर उभा होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, कुणाची वाट बघताय? मागच्या दाराने घरात आलो.

२९ जानेवारी

तेलकट शर्टात गेलो. "काम झालं ना? मग?" — दार बंद. स्वच्छ शर्टात गेलो. "कोण तुम्ही?" — दार बंद. माझ्याकडे तिसरा शर्ट नाही.

गाडी मात्र आठला बटणासरशी सुरू झाली. ती आत, काचा वर. मी पायरीवर.

लेकीचा फोन. तिकडे खोली रिकामी झालीय. उद्या दुपारपर्यंत कळवायचं. बघतो म्हटलं.

३० जानेवारी, गुरुवार

ती उठायच्या आत मी इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवली.

मग लेकीला फोन केला, नको म्हणून सांगितलं. गाडीचं काम निघालंय म्हटलं.

आठला ती आली. बटण दाबलं. स्टार्टर फिरला, इंजिन पेटेना. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग काच खाली केली आणि पायरीवरच्या मला म्हणाली, "अहो, उभे काय राहिलात? मिस्त्रींना बोलवा!"