सात सह्यांचं वाक्य

दि. ९ मार्च, संध्याकाळ

प्रिय बाबा,

नमस्कार. "लंबू कुठे आहे ते ऑफिसात विचारून कळव, मावशीला काय सांगू?" असं तुम्ही पत्रात विचारलंत. बाबा, लंबू कुठे आहे ते मला माहीत नाही. इथे कोणालाच माहीत नाही.

मी बरी आहे, खोकला गेला. गुडघ्याला मलम लावताय ना? नुसती डबी आरशापुढे ठेवून गिऱ्हाइकांना दाखवू नका. फोन मुद्दामच केला नाही. तुम्ही "हॅलो, जरा जोरात बोल" करत राहिला असतात आणि त्या गडबडीत मी जे बोलायचं तेच गिळून टाकलं असतं.

तुमचं पत्र चारदा वाचलं. मी रेडिओवर बातम्या वाचायला लागले की तुमचा वस्तरा थांबतो आणि अर्ध्या गालाला फेस लावलेले मास्तर ओरडतात, "अहो, तुमची लेक सात देशांची खुशाली सांगेपर्यंत ह्या गालावर दाढी परत उगवेल!" हे वाचून एकटीच खोलीत हसले. मग पुढचं वाचलं. लंबू कामाला गेलेला बोगदा कोसळल्याचं कानावर आलं म्हणून त्याची आई, आपली शिवणवाली मावशी, दुकानाच्या पायरीशी येऊन उभी होती. माझा आवाज म्हणाला, "सर्व कामगार सुखरूप आहेत." आणि तुम्ही तिला म्हणालात, "ऐकलंस ना? आपली पोरगी वाचतेय. जा, आता दोन घास खाऊन घे."

त्याला पंधरा दिवस झाले. लंबूचा रविवारचा फोन दोनदा चुकला.

शेवटच्या पेपरला उशीर होत होता तेव्हा त्यानेच मला सायकलवर डबलसीट नेलं होतं. चढावर धापा टाकत ओरडत होता, "पास झालीस तर अर्धी पदवी माझी, सांगून ठेवतो!" मी म्हटलं, "नापास झाले तर?" म्हणाला, "मग अख्खी तुझी."

आमचं काम कसं चालतं ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. वार्ताकेंद्र सात मित्रदेशांच्या संघाचं, त्यामुळे बातमीतलं प्रत्येक वाक्य कागदावर वेगळ्या ओळीत लिहितात. शेजारी सात चौकटी असतात. प्रत्येक देशाचा प्रतिनिधी आपल्या चौकटीत सही करतो. सातही सह्या झाल्या तरच ते वाक्य वाचायचं, नाहीतर पेन्सिलीने खोडायचं. वादळ एका देशातून दुसऱ्या देशात जाणार असेल तरी आधी सह्या. आमचे हवामानवाले म्हणतात, "वादळाला कळवा, जरा दम धर, साहेब जेवायला गेलेत."

तुम्ही हसाल, पण मला हे सगळं आवडायचं. एकेकाळी एकमेकांवर बंदुका रोखलेले सात देश आता एका टेबलाशी बसून एका वाक्यावरून भांडतात, हे मला आजही मोठं वाटतं. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं की संघाच्या बातमीत कोणी परका नसतो. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं होतं.

त्या दिवशी कागदावर तीन वाक्यं होती. बोगद्याचं छत कोसळलं. यजमान देशाचे कामगार सुखरूप आहेत. शेजारच्या सदस्य देशातून आलेल्या अकरा कामगारांचा शोध सुरू आहे.

तिसऱ्या वाक्यापुढे पाचच सह्या होत्या. ज्यांच्या भूमीवर बोगदा आहे त्यांची नव्हती आणि ते अकरा जण जिथले, त्या आपल्या देशाचीही नव्हती. दोघेही म्हणत होते, आधी त्यांनी करावी. सव्वा बाराला प्रसारण होतं आणि बाराला दहा मिनिटं कमी होती. मी वाक्य खोडलं. नियमच तसा आहे.

इथवरचं मी तुम्हाला कालही लिहिलं होतं. ते पत्र फाडलं, कारण ते इथेच संपत होतं.

वाक्य खोडल्यावर दुसरं वाक्य मला टोचायला लागलं. "यजमान देशाचे." म्हणजे बाकीचे परके का? मला आमच्या शिकवणीची आठवण झाली आणि मी ते दोन शब्द काढून "सर्व" लिहिलं. बाबा, ते "सर्व" मी माझ्या हाताने लिहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. उलट सातही जणांनी त्यावर झटक्यात सह्या केल्या. एकजण तर म्हणाला, "वा, आता शोभलं संघाचं वाक्य." मला बरं वाटलं. कागदामागे अकरा नावं आणि पत्ते टाचलेले होते. ते मी उलटूनही पाहिले नाहीत. शनिवारी तुमचं पत्र आलं तेव्हा धावत जाऊन पाहिले. सातवं नाव आपल्या लंबूचं.

लगेच आमच्या मुख्य बाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, दुरुस्ती वाचायची आहे."

"दोन सह्या आल्या की वाच."

"आणि नाही आल्या तर?"

"तर बातमी थांबेल. अशा खूप थांबल्यात."

"बाई, त्यातल्या एका मुलाची आई मला लहानपणापासून ओळखते. तिने माझा मुलाखतीचा ड्रेस शिवला. शिलाई घेतली नाही."

बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "वेडी आहेस. ही नोकरी गेली तर पुन्हा कोणी सरकारी दारात उभं करणार नाही. घरी कोण कमावतं?"

"वडील."

"त्यांना विचारलंस?"

नाही विचारलं, बाबा. तेवढं एकच तुमच्यावर सोडलं असतं तर तुम्ही बिचारे रात्रंदिवस त्यातच अडकला असतात. बाईंनी जाताना एवढंच म्हटलं, "काही लिहिणार असशील तर ऑफिसचा कागद वापरू नकोस. तो सात देशांचा आहे."

म्हणून वहीचे कागद फाडले. अकरा घरांना अकरा पत्रं लिहिली. बातमी चुकीची होती, "सर्व" हा शब्द माझा होता, तुमच्या माणसाचा शोध सुरू आहे आणि याहून जास्त मला माहीत नाही, एवढंच त्यात आहे. कामगार भरती करणाऱ्या कचेरीचा पत्ता दिलाय, तिथे सगळ्यांनी मिळून जा असं लिहिलंय. खाली माझं पूर्ण नाव आणि हुद्दा. उत्तरासाठी तुमच्या दुकानाचा पत्ता दिलाय, कारण इथली खोली ऑफिसची आहे. कोणी रागाने येईल. बसायला खुर्ची द्या आणि बोलू द्या.

तुम्ही मावशीला दिलेला शब्द माझ्या भरवशावर दिला होता. तो परत घ्यायची वेळ तुमच्यावर यायला नको. तिला मोठ्या अक्षरात लिहिलंय. लंबू सापडेल असं लिहावंसं फार वाटलं, लिहिलं नाही. माझ्यावर चिडू दे, पण तिला एकटी ठेवू नका.

तिचं पत्र शनिवारीच टाकलं, हे तुम्हाला मिळायच्या आधी तिला मिळालेलं असेल. उरलेली दहा आज दुपारी टाकली. मग ऑफिसात परत गेले आणि त्याच पत्राची माझ्या सहीची एकेक प्रत सातही प्रतिनिधींच्या टेबलावर ठेवून आले.

तुमचीच,
ठकी