समोरचा दात

४ फेब्रु.
सकाळी नेहमीचंच. मऊ ब्रश, दोन मिनिटं, फ्लॉस, जीभ घासणं. वीस वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. आज सत्तेचाळीस पूर्ण. ऑफिसात केक कापताना नवीन मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पैंतीस से ऊपर नहीं लगतीं. क्या सीक्रेट है?" म्हटलं, दात. सगळे हसले, मीही.

घरी येऊन हे सुधीरला सांगितलं. नवऱ्याचा स्वभाव माहीत असून. काय अवदसा आठवली कोण जाणे.

५ फेब्रु.
काल जेवताना. "जा, त्यालाच दाखव दात," म्हणाला आणि हातातला स्टीलचा तांब्या माझ्या तोंडावर मारला. समोरचा दात आमटीत पडला. रेवा किंचाळली. दहावीतली पोर, तिच्यादेखत.

मग हाच घाबरला. दात उचलला, नळाखाली खसाखसा घासला, मीठ-हळद चोळली, टिश्यूत पुडी करून देवघरात ठेवली. आज मला क्लिनिकला आणून पुडी डॉ.च्या हातात दिली. मल्याळी बाई. पिवळा दात बघून कपाळाला हात लावला. दुधात टाकून लगेच आणला असता तर बसवून बघता आला असता. घासून घासून मुळावरचं सगळं मारून टाकलंत, म्हणे. खलास.

"कैसे हुआ?"
सु. माझ्याआधी बोलला, "बाथरूम में गिर गई."
"मैंने इनसे पूछा."
मी मान डोलावली. स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

९ फेब्रु.
ऑफिसला मास्क लावून जाते. डॉ. म्हणाल्या होत्या, जागा रिकामी ठेवली तर ओठ आत जाईल, चेहरा म्हातारा दिसेल. आरशात बघते तर आत्ताच आजीबाई. सु. गोड वागतोय. इलेक्ट्रिक ब्रश आणलाय. लाटणं हातात होतं. एकदाच घालावं टाळक्यात. पोळ्या लाटल्या.

रेवा : "मम्मा, जस्ट टेल द डॉक्टर."
म्हटलं, या परक्या देशात तुझा व्हिसा बाबाच्या नोकरीवर आहे, ती गेली तर परत भारतात जावं लागेल, परीक्षा महिन्यावर आलीय.
"सो?"
तिचं पुस्तक उघडून तिच्यासमोर सरकवलं.

१२ फेब्रु.
सकाळी मास्कवरून सुरू झालं. "तोंड झाकून जगाला काय दाखवतेस?" रेवा मध्ये उभी राहिली. "हिट मी टू, बाबा." त्याने मारलं. उलट्या हाताने, अंगठीसकट. तिचा ओठ फाटला, खालचा दात हलतोय.

मी कढई उचलली आणि त्याच्या मनगटावर घातली. कळवळला. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

दुपार. क्लिनिक. सु. खाली गाडीत बसलाय, मनगट सुजलंय. "दोघी बाथरूममध्ये पडलो म्हणून सांग," असं बजावून पाठवलंय. डॉ.नी रेवाचा दात तपासला, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "सच लिखेंगे तो मुझे पुलिस को बताना ही पड़ेगा. सोच लीजिए." फॉर्म देऊन बाहेर गेल्या.

पोलीस आले की हा मनगट दाखवणार. मग मीही आत. आणि रेवा कोणाकडे?

फॉर्म तिच्या मांडीवर आहे. 'कसं झालं' एवढाच रकाना उरलाय. "मम्मा, पेन," म्हणतेय. दोघींत एकच आहे, त्यानेच हे लिहितेय. तिने हात पुढे केलाय. एवढं वाक्य पुरं झालं की