तुरुंगाच्या भिंतीपलीकडचा गळा

८ मार्च १९०८, रविवार

घसा पार बसलाय, पण जीव खूश आहे! प्रार्थना संपल्या संपल्या शेजारची दोन्ना ब्रिजिदा मला तुरुंगामागच्या टेकाडावर घेऊन गेली. तिचा मुलगा चिरो आत आहे आणि त्याला मुलगी झाल्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. चिठ्ठी दिली तर पहारेकरी आधी वाचणार, मग गावभर करणार. गाण्याला मात्र नेपल्समध्ये कोणी अडवत नाही. कानावर हात ठेवला, रीतीप्रमाणे ‘लिंबाच्या पाना’ म्हणून सूर लावला आणि कळवून टाकलं – पोरगी झाली, नाक बापाचं, आवाज आजीचा. ब्रिजिदाला शेवटचं काही आवडलं नाही.

आतून उत्तर आलं, माझेच शेवटचे शब्द उचलून. पण चिरोचा गळा म्हणजे बोकड. हा दुसराच कोणी होता. टेकाडावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. आई गेल्यापासून असा सूर ऐकला नव्हता.

१५ मार्च, रविवार

तोच गळा. आज चक्क माझीच चौकशी! ‘लिंबाच्या पाना, साव्हेरियो विचारतो – गाणारीची चूल कोणासाठी पेटते?’ बायका खिदळल्या. मीही गाऊन सांगितलं, एकटीसाठी पेटते, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. सगळ्यांदेखत! घरी येईपर्यंत कान तापलेले.

२४ मार्च

पोटासाठी हातमोजे शिवते, आज एकाला अंगठाच उलट्या बाजूला शिवला. दोनदा.

५ एप्रिल, रविवार

साव्हेरियो गाडीची चाकं बनवतो. जकातवाल्याला बदडलं म्हणून आत आहे, मेअखेर सुटेल. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. जकातवाल्यांना बदडायची इच्छा कोणाला होत नाही?

ब्रिजिदा म्हणते, ही जुनाट रडगाणी कशाला, सप्टेंबरच्या जत्रेतली नवी गाणी म्हण ना, गल्लीत पेटीवाला दिवसभर दांडा फिरवून वाजवतो ती. छान आहेत, मीही गुणगुणते. पण त्यांना छापील कागद असतो, वर कवीचं नाव असतं. आमच्या गाण्याला कोणीच नाही. आई लिंबाच्या बागेत एका झाडावरून दुसऱ्या झाडाला निरोप गायची, तिची आईही तेच करायची. निरोप पोचला की ओळ संपली. दुसऱ्या दिवशी कोणाला आठवतही नाही. मला हल्ली आठवतात.

१९ एप्रिल, ईस्टर

अंडी खोचलेला पाव भाजला, एकटीला नको इतका मोठा. टेकाडावर सगळ्यांना वाटला. साव्हेरियोने विचारलं – सुटल्यावर दार ठोठावू का?

हो म्हटलं. इतकं लांबवून म्हटलं की ब्रिजिदा म्हणाली, ‘पुरे गं बाई, जहाजं वळतील बंदरातली!’

३ मे, रविवार

‘तुझा सूर आला की ही भिंत चार बोटं पातळ होते.’

आणखी काय लिहू?

१७ मे, रविवार

‘रविवारी आम्ही सगळे दाढ्या करतो – जणू तू बघणार आहेस.’ आधी हसू आलं, मग रडू. या वयात!

१ जून

आला! रुंद खांद्यांचा, स्वच्छ सदऱ्याचा माणूस. तोंड उघडलं आणि करवत चालली लाकडावर. मी दारातच थिजले.

टोपी काढून त्याने सरळ सांगितलं: ‘दोन्ना रेस्तितूता, गळा माझा नाही. आनियेल्लोचा आहे, माझ्याच कोठडीतला. मला सूर नाही. मी सांगायचो, तो गायचा.’

जन्मभर मी लोकांचे निरोप माझ्या तोंडाने गातेय आणि मलाच हे सुचू नये! आधी संतापले. मग अशी हसत सुटले की शेजारीण डोकावली. साव्हेरियोने तेवढ्यात टेबलाचा डुगडुगता पाय ठोकून बसवला, दोन ताटल्या घेवड्याचं सूप प्यायला, ताटली स्वतः विसळली. सज्जन आहे. गळ्याचं काय घेऊन बसायचं, शब्द तर याचेच. आनियेल्लोला अजून बरीच वर्षं काढायची आहेत म्हणे. बिचारा.

रविवारी पाद्रीबाबांना भेटून लग्नाची तारीख ठरवायची. बऱ्याच दिवसांनी दोन माणसांचं पीठ मळलं. सुख वाटलं.

७ जून, रविवार

पाद्रीबाबांकडे जाण्याआधी दोघं टेकाडावर गेलो. आनियेल्लोचे आभार मानायला हवेत, ही माझीच हौस. गाऊन सांगितलं की साव्हेरियो पोचला, त्याचे शब्दही पोचले.

मग तो सूर आला – ‘लिंबाच्या पाना, ईस्टरपर्यंतचे शब्द त्याचे. पुढचे त्याने दिले नाहीत, मी मागितले नाहीत.’

मी साव्हेरियोकडे पाहिलं. ‘खरंय,’ तो म्हणाला. ‘तुम्ही हो म्हणालात, त्यापुढे मला काही सुचलंच नाही.’

मला पाठ आहेत त्या सगळ्या ओळी ईस्टरनंतरच्या. पाद्रीबाबांकडे आज गेलो नाही.