जंगी लाटांसमोरची जागा

३ मे १८९८, सिमला
पोचलो एकदाचा. जंगी लाटांचा नवा एडीसी, म्हणजे सावलीसारखा सोबत राहणारा अधिकारी, म्हणून आज हजर झालो. हिंदुस्थानची सगळी फौज ज्यांच्या शब्दावर हलते, त्या सरसेनापतींच्या टेबलावर चहा प्यायलो. बिस्किटं मऊ पडली होती, पण तक्रार कोण करतो. इथे घोडागाडीची मुभा तिघांनाच, त्यांत आमचे साहेब एक. बाकी सगळे रिक्षात नाहीतर घोड्यावर. जंगी लाटांच्या गाडीत त्यांच्यासमोर एडीसी बसतो. आईला तसं लिहूनही टाकलं.

५ मे
साहेबांनी मला घोड्यावरून मागे यायला सांगितलं. समोरची जागा रिकामीच. कोचमन बरकत म्हणाला, हुजूर, ती लॉर्नसाहेबांची. कॅप्टन लॉर्न, माझ्या आधीचा. गेल्या पावसाळ्यात जाखू टेकडीच्या वळणावर गाडी कलंडली. साहेब वाचले, तो दरीत गेला. मेलेल्याला गाडी आणि मला धूळ, हा कुठला न्याय?

९ मे
वळण आलं की साहेब त्या रिकाम्या जागेकडे हात पुढे करतात, कुणाला सावरावं तसा. माझ्याकडे साधी मानही वळत नाही. जळफळाट झाला माझा, लपवू कशाला. क्लबात मेजर पिंक्नी म्हणाला, भुताशी बरोबरी करतोस होय टॅरंट, तो तुझ्यापेक्षा चुका कमी करतो.

१२ मे
आज न विचारता चढून बसलो. बरकत म्हणाला, उतरा हुजूर, मी आजवर तिथली गादीसुद्धा झटकलेली नाही. साहेबांनी काठी आपटून गाडी हाकायची खूण केली. वळणावर माझ्या मनगटावर हात पडला. काय आनंद झाला म्हणून सांगू. मग पाहिलं – साहेबांचे दोन्ही हात काठीवर होते.

१३ मे
पुन्हा. बोटं गार. बाहेर ओढत होती, दरीकडे. साहेबांनी डोळे मिटून घेतले – त्यांना ठाऊक आहे.

१४ मे
मनगट काळंनिळं. बरकत म्हणतो, जिवंतपणीही लॉर्नसाहेबांना साहेबांजवळ दुसरं कुणी खपत नसे, बदली मागून घ्या. मागितली की जागा परत त्याची –

१५ मे
डाव्या हातानं लिहितोय. उजवा त्यानं धरलाय. आता घरातही – सोडत नाही.
गाडी दाराशी लागली. साहेबांनी आज पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. टॅरंट, चल, म्हणाले.
त्यानंही ऐकलं. पकड घट्ट झाली – हाड कुरकुरतंय – ओढू दे. नाव माझं घेतलंय. जागा माझी. मी काही ती सोडणार –